समुद्रातली नाकाबंदी कायद्यात बसते का? काकूंच्या दोन प्रश्नांचं लांबलेलं उत्तर

आमच्या सोसायटीत एक काकू आहेत, त्यांचा मुलगा मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे, टँकरवर. त्यामुळे टीव्हीवर होर्मुझ, लाल समुद्र, अमुक जहाज अडवलं, तमुक देशाने नाकेबंदीची धमकी दिली असलं काही लागलं की काकू आवाज मोठा करतात आणि मग संध्याकाळी खाली बाकावर मला गाठतात. मी कधीकाळी एलएलएमला आंतरराष्ट्रीय कायदा घेतला होता एवढंच माझं क्वालिफिकेशन, एरवी मी भाडेकरार करून देतो. पण परवा त्यांनी विचारलं ते मात्र नेमकं होतं. "अरे, एका देशाचं नौदल दुसऱ्या देशाच्या बंदरासमोर ठाण मांडून बसतं हे चालतं का? आणि बरं, भांडण त्या दोघांचं, मग तिसऱ्याच देशाच्या जहाजाला का अडवतात?"

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा भारी आहे. सगळी गोम तिथेच आहे. काकूंना मी दहा मिनिटांत काहीतरी सांगून टाकलं, पण ते अर्धवट होतं म्हणून इथे नीट लिहितोय.

आधी शब्द क्लिअर करू

नाकेबंदी म्हणजे ब्लॉकेड. शत्रूच्या बंदरात किंवा किनाऱ्यावर कोणतंही जहाज जाऊ द्यायचं नाही आणि तिथून बाहेर पडू द्यायचं नाही. कोणतंही म्हणजे खरंच कोणतंही, झेंडा कुठल्याही देशाचा असो, आत तोफा असोत नाहीतर टाइल्स असोत. माल काय आहे हा प्रश्नच नाही, रस्ताच बंद.

बातम्यांमध्ये याची दोन गोष्टींशी कायम सरमिसळ होते. एक म्हणजे निर्बंध, सँक्शन्स. तिथे एखादा देश म्हणतो मी तुझ्याशी धंदा करणार नाही, आणि माझ्या बँका वापरणाऱ्यांनीही करू नये. हे म्हणजे वाण्याने उधारी बंद करण्यासारखं, त्रास होतो पण दुकानासमोर कोणी दंडुका घेऊन उभं नसतं. दुसरी म्हणजे झडती. युद्ध चालू असताना लढणाऱ्या देशाला तटस्थ जहाज थांबवून, शत्रूकडे चाललेली शस्त्रं वगैरे आहेत का हे बघता येतं, नसली तर सोडावं लागतं. तटस्थ म्हणजे जो त्या भांडणात नाही तो. नाकेबंदीत मात्र जहाज रिकामं असलं तरी अडवता येतं. म्हणून हे सगळ्यात जालीम हत्यार, आणि म्हणूनच त्याला नियमही जास्त.

लायसन्स वेगळं, सिग्नल वेगळा

"नाकेबंदी कायदेशीर आहे का" असं कोणी विचारलं की मला उलटं विचारावं लागतं, कुठल्या अर्थाने? कारण यात दोन प्रश्न आहेत आणि टीव्हीवरचे तज्ज्ञ दोन्हींची मिसळ करून वर फरसाण टाकून देतात.

समजा एखादा पोरगा लायसन्स नसताना गाडी चालवतोय, पण प्रत्येक सिग्नलला थांबतोय, हेल्मेटसुद्धा घातलंय (पुण्यात, म्हणजे कल्पनाच आहे). दुसऱ्याकडे लायसन्स आहे पण तो नळ स्टॉपचा सिग्नल तोडून गेला. दोघांचेही गुन्हे आहेत पण वेगवेगळे. एकाने सिग्नल पाळला म्हणून त्याला लायसन्स मिळत नाही, आणि दुसऱ्याकडे लायसन्स आहे म्हणून लाल दिव्याचा हिरवा होत नाही.

नाकेबंदीचंही तसंच. लायसन्सचा प्रश्न म्हणजे बळ वापरायचा हक्क होता का. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) म्हणतं की दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायचं नाही, धमकीसुद्धा द्यायची नाही. अपवाद दोनच. कलम ५१, म्हणजे हल्ला झाला तर स्वसंरक्षण, आणि कलम ४२, म्हणजे सुरक्षा परिषदेने परवानगी दिली तर, त्यात तर ब्लॉकेड हा शब्दच लिहिलाय. आणि या दोन्हींत न बसणारी नाकेबंदी म्हणजे काय, तर १९७४ साली आमसभेने आक्रमणाची व्याख्या केली त्यात दुसऱ्या देशाच्या बंदरांची किंवा किनाऱ्याची सैन्याने केलेली नाकेबंदी सरळ आक्रमण म्हणून नोंदवली आहे, बॉम्ब टाकण्याच्या पंगतीत. म्हणजे "आम्ही एकही गोळी झाडली नाही, नुसती जहाजं उभी केली" हा बचाव चालत नाही.

सिग्नलचा प्रश्न वेगळा. हक्क होता हे धरून चाललं तरी नाकेबंदी लावलीस ती नियमाने लावलीस का? हे नियम जुने आहेत, आणि सोपे आहेत.

नियम समजायला लक्ष्मी रोडवर चला

विसर्जन मिरवणुकीच्या आधी वाहतूक पोलीस पेपरात नोटीस देतात, आठवतंय ना? अमुक दिवशी इतक्या वाजल्यापासून बेलबाग चौक ते अलका चौक रस्ता बंद, वाहनचालकांनी पर्यायी मार्ग वापरावा. नाकेबंदीचा पहिला नियम हाच. जाहीर करायची. कधीपासून, किती काळ, कुठून कुठपर्यंत हे सगळ्या देशांना कळवायचं, आणि आत्ता आत अडकलेल्या तटस्थ जहाजांना बाहेर पडायला ठराविक मुदत द्यायची. मनात आलं, जहाज पकडलं आणि मग सांगितलं की अरे इथे नाकेबंदी आहे, असं नाही चालत.

दुसरा नियम सगळ्यात इंटरेस्टिंग. नाकेबंदी खरोखर लागू असली पाहिजे. १८५६ साली पॅरिसमध्ये युरोपातल्या देशांनी एक जाहीरनामा केला, त्यात हे स्पष्ट लिहिलंय की नाकेबंदी परिणामकारक असेल तरच बंधनकारक. का लिहावं लागलं? कारण त्याआधी राजेलोक घरी बसून फर्मान काढायचे की अख्ख्या शत्रूचा किनारा बंद, समुद्रात जहाज मात्र एकही नाही, आणि मग जे कुठलं व्यापारी जहाज हाताला लागेल ते "नाकेबंदी मोडली" म्हणून गिळंकृत करायचे. याला कागदी नाकेबंदी म्हणतात. आपल्याकडे नो एंट्रीची पाटी असते आणि खाली हवालदार नसतो, मग दिवसभर सगळे बिनधास्त उलटे घुसतात, आणि महिनाअखेर अचानक कोपऱ्यावर पावती फाडायला कोणीतरी उभं राहतं, तेव्हा जो संताप होतो ना, तोच तटस्थ व्यापाऱ्यांचा व्हायचा.

याचं आपल्या घरचं उदाहरण आहे, नियम लिहिला जायच्या पावणेदोनशे वर्षं आधीचं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर तटबंदी बांधायला घेतली. मुंबईकर इंग्रज हादरले, त्यांनी मोठी जहाजं आणून बेटाची रसद तोडायचा प्रयत्न केला. पण मराठ्यांच्या छोट्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्री थळच्या किनाऱ्यावरून निघून माणसं आणि सामान पोचवतच राहिल्या, मोठ्या जहाजांना त्या पकडताच येईनात. शेवटी इंग्रजांनी तडजोड केली आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. आजच्या भाषेत सांगायचं तर ती नाकेबंदी परिणामकारक नव्हती. अर्थात एखादी होडी निसटली म्हणून नाकेबंदी रद्द होत नाही, पण आत जाणाऱ्याला पकडलं जायचा खराखुरा धोका पाहिजे.

तिसरा, सगळ्यांना सारखा न्याय. मित्रदेशाचं जहाज सोडलं आणि बाकीचे अडवले तर ती नाकेबंदी राहत नाही. "साहेबांची गाडी आहे, जाऊ द्या" इथे नाही. यात स्वतःची जहाजंसुद्धा आली.

चौथा, शेजाऱ्याचं दार अडवायचं नाही. म्हणजे तटस्थ देशाच्या बंदराकडे जायचा रस्ता बंद होता कामा नये. हा नियम लक्षात ठेवा, होर्मुझला लागणार आहे.

हे नियम १९०९ च्या लंडन जाहीरनाम्यात व्यवस्थित लिहिले गेले, पण गंमत म्हणजे त्याला कोणी मान्यताच दिली नाही, खुद्द ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो अडवला. तरी देश साधारण त्याच नियमांची भाषा बोलत राहिले. मग १९९४ मध्ये इटलीतल्या सान रेमो इथे कायदेतज्ज्ञांनी आणि नौदलाच्या लोकांनी मिळून एक नियमपुस्तिका तयार केली, ती सान रेमो मॅन्युअल. हा करार नाही, कोणावर सही करायची सक्ती नाही, पण आज नाकेबंदीवर वाद झाला की दोन्ही बाजू त्याच पुस्तिकेतले परिच्छेद एकमेकांच्या तोंडावर फेकतात.

मग तिसऱ्याला का अडवतात?

आता काकूंचा दुसरा प्रश्न. खरं सांगायचं तर यात न्याय वगैरे फार नाही, हा सौदा आहे. लढणारा म्हणतो मला शत्रूचा व्यापार बंद करायचाय, तटस्थ म्हणतो माझा धंदा का बुडवतोस. दोनशे-तीनशे वर्षं यावर भांडून मधला मार्ग निघाला तो असा की, ठीक आहे, तू आमची जहाजं अडव, पण त्याबदल्यात आधी सांग, खरोखर उभा राहा, भेदभाव करू नकोस आणि आमच्या बंदरांना हात लावू नकोस. नाकेबंदीचे सगळे नियम हे मुळात तटस्थांचे नियम आहेत. शत्रूचं काय व्हायचं ते होवो, असाच जुना कायदा होता.

आणि जो मोडेल त्याचं काय? जहाज जप्त होतं. इशारा दिल्यावरही पळायचा किंवा प्रतिकार करायचा प्रयत्न केला तर हल्लाही होऊ शकतो. पण तटस्थ देशाच्या साध्या व्यापारी जहाजावरचे खलाशी युद्धकैदी होत नाहीत, त्यांना सोडावं लागतं. हे मी काकूंना दोनदा सांगितलं.

होर्मुझ बंद करणं म्हणजे नाकेबंदी का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे कारण आपला गॅस सिलेंडर तिथून येतो. भारत आपल्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आयात करतो आणि त्यातला बराचसा आखाती देशांतून.

प्रत्येक देशाला किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, प्रादेशिक समुद्र मिळतो. होर्मुझची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी २१ सागरी मैलांच्या आसपास आहे. बारा आणि बारा चोवीस, म्हणजे मध्ये मोकळा समुद्र शिल्लकच नाही, एका बाजूने इराण, दुसऱ्या बाजूने ओमान. मग इराण म्हणू शकतं का की माझं अंगण आहे, मी गेट लावतो?

वाड्यातली बोळ आठवा. जमीन मालकाची, पण मागच्या चार बिऱ्हाडांचा रस्ता तोच, मग मालकाला तिथे भिंत घालता येत नाही. १९४९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कॉर्फू खाडीच्या खटल्यात हेच सांगितलं की दोन मोकळ्या समुद्रांना जोडणाऱ्या आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीतून निरुपद्रवी जहाजांना शांततेच्या काळात जायचा हक्क आहे. १९८२ च्या समुद्र कायद्याच्या कराराने तो हक्क आणखी पक्का केला. आता यावर लगेच हरकत येते की इराणने त्या करारावर सही केलीय पण तो मंजूर केलेला नाही, आणि अमेरिकेने तर सहीही केलेली नाही. बरोबर आहे. म्हणूनच इराण म्हणतं १९८२ चे हक्क फक्त करार मानणाऱ्यांना, आणि अमेरिका म्हणते हा हक्क रूढीने सगळ्यांनाच आहे. पण इराणचं सगळं मान्य केलं तरी कॉर्फूचा जुना हक्क उरतोच.

आणि युद्ध चालू असलं तरी? मग तो चौथा नियम येतो. होर्मुझच्या आत कुवेत, कतार, बहारीन, इराक सगळे आहेत, त्यातल्या भांडणात नसलेल्यांच्या बंदरांचा रस्ता बंद करणं हे नाकेबंदीच्या नियमांतही बसत नाही. याउलट कोणी फक्त इराणच्याच बंदरांची नाकेबंदी केली तर चौथा नियम मोडत नाही, मात्र लायसन्सचा प्रश्न तिथे आ वासून उभा राहतो. म्हणजे दोन्ही बातम्यांना "नाकेबंदी" असं एकच हेडिंग असलं तरी प्रश्न वेगळे आहेत.

लोक उपाशी मेले तर?

जुन्या कायद्याचा सगळ्यात काळा भाग हा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनीची दूरवरून नाकेबंदी केली, बंदरासमोर उभं न राहता उत्तर समुद्राची तोंडंच बंद केली आणि हळूहळू अन्नधान्यही अडवलं. ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या, पण तहावर सह्या होऊन तो मंजूर होईपर्यंत, म्हणजे जुलै १९१९ पर्यंत, नाकेबंदी चालूच होती. लढाई संपल्यावर आठ महिने. तेव्हाच्या कायद्यात याला थेट आडकाठी करेल असं फारसं काही नव्हतं.

आज आहे. १९७७ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलमध्ये नागरिकांची उपासमार हे युद्धतंत्र म्हणून वापरायला बंदी आहे, आणि १९९८ च्या रोम करारात, ज्यातून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आलं, तो युद्धगुन्हा आहे. सान रेमोच्या पुस्तिकेतही, लोकांना उपाशी मारणं हाच एकमेव उद्देश असेल तर नाकेबंदी बेकायदा, आणि लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांचं नुकसान अवाजवी असेल तरी बेकायदा. आतल्या लोकांना अन्न पुरत नसेल तर मदतीची जहाजं सोडावीच लागतात, झडती घेऊन का होईना. मिरवणुकीच्या गर्दीतून अँब्युलन्स सोडतात तसं. फक्त मला "एकमेव उद्देश" हे शब्द खटकतात. कोण मूर्ख सरकार लिहून देईल की आमचा एकमेव उद्देश उपासमार आहे? त्यामुळे खरा वाद नेहमी "अवाजवी" या शब्दावर होतो.

त्याचं उदाहरण गाझा. इस्राएलने ३ जानेवारी २००९ ला गाझाच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. ३१ मे २०१० ला मदतसामान घेऊन निघालेल्या ताफ्यातल्या मावी मरमारा या जहाजावर इस्राएली कमांडो उतरले, नऊ जण तिथेच मेले, दहावा काही वर्षांनी गेला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेच्या चौकशी समितीने २०१० मध्ये सांगितलं नाकेबंदी बेकायदा, कारण नागरिकांना बसणारा फटका अवाजवी. मग २०११ मध्ये न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान जेफ्री पामर यांच्या समितीने, हीसुद्धा संयुक्त राष्ट्रांचीच, सांगितलं समुद्रातली नाकेबंदी कायदेशीर, पण जहाजावर वापरलेलं बळ अतिरेकी. नियम तेच होते. पामर समितीने समुद्रातली नाकेबंदी जमिनीवरच्या निर्बंधांपासून वेगळी काढून तपासली, पहिल्या समितीने दोन्ही मिळून एकच कोंडी धरली. माझं मत विचाराल तर आत अडकलेल्या माणसाला समुद्राचं दार आणि जमिनीचं दार असं वेगळं मोजता येत नाही, त्यामुळे मला पहिली पद्धत जास्त पटते, पण दुसरी बाजू वेड्यांनी मांडलेली नाही हेही खरं.

लिंकनने केलेला घोळ, ज्यात मुंबई श्रीमंत झाली

आता माझा आवडता भाग. १९ एप्रिल १८६१, अमेरिकेत यादवी सुरू झालीय, अध्यक्ष लिंकन फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर करतात, सुमारे साडेतीन हजार मैलांचा किनारा. अडचण काय, तर लिंकन म्हणत होते दक्षिण हा वेगळा देश नाहीच, हे आमचेच बंडखोर. पण नाकेबंदी शत्रूची करतात, स्वतःची बंदरं नुसती "बंद" करतात. नाकेबंदी म्हटल्याबरोबर मान्य झालं की समोर लढणारा पक्ष आहे. ब्रिटनने महिन्याच्या आत, १३ मे ला, तटस्थता जाहीर करून टाकली, म्हणजे दक्षिणेला युद्धातला पक्ष म्हणून मान्यता. वॉशिंग्टन चिडलं, पण करणार काय, शब्द त्यांनीच वापरला होता. १८६३ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने नाकेबंदी वैध ठरवली, तीसुद्धा ५ विरुद्ध ४ अशी काठावर.

इकडे काय झालं? दक्षिणेचा कापूस मँचेस्टरला जाईना, आपल्याकडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले, मुंबईत पैसा ओतला जायला लागला, प्रेमचंद रायचंद शेअरबाजाराचा राजा झाला, आणि १८६५ मध्ये ते युद्ध संपल्याबरोबर सगळा फुगा फुटला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर बघाल तेव्हा आठवा, प्रेमचंदने आईच्या नावाने दिलेल्या पैशातून तो उभा राहिला.

तर मुद्दा असा की नाकेबंदी हा शब्द उच्चारला की युद्ध आहे हे कबूल करावं लागतं. म्हणूनच हुशार सरकारं हा शब्द टाळतात. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी समुद्रात जहाजं उभी केली आणि त्याला नाव दिलं क्वारंटाइन. आपल्याला तो शब्द कोविडने शिकवला, त्यांनी युद्ध टाळायला वापरला. फक्त हल्ल्याची शस्त्रं अडवली, अन्न-औषधं सोडली, आणि अमेरिकी देशांच्या संघटनेचा ठराव पाठीशी घेतला. कायद्यात ते नीट बसत होतं का यावर वकील अजून भांडतात. पण त्या दिवसापासून मला एक खोड लागली आहे, म्हणजे मी १९६२ ला नव्हतो, केस वाचली त्या दिवसापासून म्हणतोय, की बातमीत आधी बघायचं, त्या देशाने नाकेबंदी हा शब्द स्वतः लिहून दिलाय का, की कारवाई, सुरक्षा मोहीम, निर्बंधांची अंमलबजावणी असलं काहीतरी म्हटलंय. तटस्थांना अडवायचा हक्क हवा असेल तर युद्ध कबूल करा. युद्ध नाही म्हणत असाल तर मोकळ्या समुद्रात दुसऱ्याच्या झेंड्याचं जहाज अडवायला वेगळं कारण दाखवा, आणि तशी कारणं फार थोडी आहेत. सुरक्षा परिषदेचा ठराव हे एक. १९६६ मध्ये ऱ्होडेशियाला, म्हणजे आजच्या झिंबाब्वेला, जाणारं तेल शेजारच्या मोझांबिकमधल्या बैरा बंदराबाहेर अडवायला ब्रिटनला तशी परवानगी मिळाली होती, १९९० मध्ये इराकविरुद्धही.

हे सगळं ऐकतं कोण पण?

बाकावरच्या जोशीकाकांचा हा ठरलेला प्रश्न, "ज्याची काठी त्याची म्हैस, तुझा कायदा ठेव तुझ्यापाशी." अर्धं खरं आहे काका. सुरक्षा परिषदेत ज्याच्याकडे व्हेटो त्याला कोण विचारणार.

पण १९१६ ची झामोरा नावाच्या स्वीडिश जहाजाची केस बघा. ब्रिटिशांनी ते पकडलं, त्यातलं तांबं सरकारला लगेच वापरायचं होतं, तसा सरकारी हुकूमही होता. पकडलेल्या जहाजांचा निवाडा करणारं एक वेगळं कोर्ट असतं, त्याचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे त्या कोर्टाच्या वरच्या अपील कोर्टापुढे, गेलं, आणि त्यांनी ऐन महायुद्धात स्वतःच्या सरकारला सांगितलं की हे कोर्ट आंतरराष्ट्रीय कायद्याने चालतं, तुमच्या हुकुमाने तो कायदा बदलत नाही.

आणि दुसरं म्हणजे विमा. विमाविना जहाज बंदर सोडत नाही. लंडनच्या विमा बाजारात धोक्याच्या समुद्रांची यादी असते, त्यात तुमचा पट्टा गेला की युद्धजोखमीचा वेगळा हप्ता भरावा लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, त्यांच्याकडे ना मोठं नौदल, ना कायद्याने नाकेबंदी म्हणता येईल असं काही, तरी कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घालून जायला सुरुवात केली. जोशीकाका म्हणाले, बघ, म्हणजे तुझा कायदा हरलाच की. मी म्हटलं, त्या बाबतीत हो.

"आणि आपण १९७१ ला केली ती?" हा पुढचा प्रश्न. डिसेंबर १९७१ मध्ये विक्रांत बंगालच्या उपसागरात होती, तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले आणि पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्रातून ना मदत मिळाली ना पळायला वाट. ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ला केला होता, युद्ध उघडपणे जाहीर होतं, आणि १६ तारखेला सगळं आटोपलं. भारताची बाजू मांडायची तर लायसन्सच्या प्रश्नाला कलम ५१ चं उत्तर सरळ देता येतं. तेरा-चौदा दिवसांत उपासमारीचा प्रश्न उठायच्या आतच शरणागती झाली, हेही आहे.

काकूंना हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, की युद्धक्षेत्र जाहीर झालं तर पोराला जायलाच लागतं का. तर नाही, युनियन आणि कंपन्यांच्या करारात जाहीर केलेल्या युद्धक्षेत्रात जायला खलाशी नकार देऊ शकतो, कंपनीने स्वखर्चाने घरी पाठवायचं, आणि गेला तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार डबल. काकू म्हणाल्या, "डबलचं तो बोलला होता. नकाराचं बोलला नाही." आणि फोन लावत जिन्याकडे गेल्या.